अकरा रंग

फोन दुपारी दोनला आला. कापड रंगवण्याच्या कारखान्याचे मालक बोलत होते आणि त्यांना धाप लागली होती. कॉम्प्युटरमधून तीन रंगांच्या कृती कुणीतरी उडवल्या आहेत, पाच वाजता भाचा सगळं पुसून नव्याने भरणार आहे, त्याआधी काही परत मिळतं का बघा, असं ते एका दमात म्हणाले. दुरुस्तीवाल्या ताईंनी हातातलं काम तसंच टाकलं आणि निघाल्या.

ऑफिसात शिरताच सगळा घोळ कळला. तेच तीन रंग सकाळी शेजारच्या गावातल्या कारखान्याच्या नमुन्यांत दिसले होते. मालकांनी घाईघाईने कॉम्प्युटर उघडला, तर कृती गायब. संशय काकूंवर. बावीस वर्षं इथे रंग जुळवणाऱ्या काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर होत्या. पाचपर्यंत उलगडा झाला नाही, तर त्यांना पोलिसांच्या ताब्यात देणार होते. त्या उठत होत्या, बसत होत्या, रुमाल पिळत होत्या.

भाचेसाहेबांचा रुबाब वेगळाच. कृतींचा प्रोग्रॅम जुनापुराणा, तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नवा कॉम्प्युटर त्याला दारात उभं करेना. तीन महिन्यांपूर्वी भाच्याने खटपट करून तो चालवला आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते. प्रत्येकाचं लॉगिन त्याने बनवलं, पासवर्डही त्यानेच वाटले.

ताईंनी मालकांच्या लॉगिनवरून प्रोग्रॅम उघडला, मग भाच्याच्या. दोन्हीकडे सहाशे चाळीस रंग. शेवटचा रंग तीन महिन्यांपूर्वीचा. काकूंचं लॉगिन मात्र बंद होतं. चौकशी व्हायची म्हणून सकाळीच बंद केलं, असं भाचा म्हणाला.

"काकू, या तीन महिन्यांत नवे रंग किती केलेत?"

"अकरा."

"सगळे यात भरले?"

"भरले ना. यातूनच कृतीची चिठ्ठी छापून टाकीवर देते रोज."

चिठ्ठ्या काकूंकडून येत असल्यामुळे मालकांनी एवढ्या दिवसांत प्रोग्रॅम उघडलाच नव्हता. ताई भाच्याकडे वळल्या.

"ते तीन रंग तुम्ही पाहिले होते?"

"सोमवारी. आज सकाळी गायब."

"कुणाच्या लॉगिनवर?"

"माझ्याच."

"काकूंच्या नाही?"

"त्यांच्या लॉगिनला मी कशाला हात लावू? निळ्यात चिमूटभर पिवळा टाकलाय, ते वाचून मला हसूसुद्धा आलं."

काकूंचा रुमाल थांबला. ताईंनी मालकांच्या परवानगीने बंद लॉगिन सुरू करायला घेतलं. उगाच वेळ चाललाय, पाच वाजत आले, असं भाचा तीनदा म्हणाला. प्रोग्रॅम उघडला. सहाशे एक्कावन्न रंग.

"कुणी काही उडवलेलंच नाही," ताई म्हणाल्या. "जुना प्रोग्रॅम सगळं स्वतःच्याच फोल्डरात लिहायला जातो. नवी सिस्टीम ते करू देत नाही. पण सरळ अडवलं तर तो बंद पडेल, म्हणून ती गुपचूप प्रत्येक लॉगिनला वेगळी प्रत करून देते. काकूंनी भरलेलं फक्त काकूंना दिसतं. म्हणून तुमच्याकडे तीन नाही, अकराच्या अकरा रंग नव्हते. ते तुम्हाला कधी दिसलेच नसते, आणि भाचेसाहेबांनाही नाही. मग निळ्यातला पिवळा यांनी वाचला कुठे?"

भाचा खिडकीकडे बघत होता.

"काकूंच्या लॉगिनवर. पासवर्ड यांनीच दिलेला. कृती बाहेर गेल्या आणि आज नेमक्या तुम्हाला दिसेनात. का दिसत नाहीत हे यांनाही कळलं नाही, पण काकूंवर ढकलायला आयतं निमित्त मिळालं. ते लॉगिन बंद केलं आणि पुसायची घाई लावली."

"तिकडे मला भागीदार करणार होते, मामा," भाचा हळूच म्हणाला. "इथे मी जन्मभर भाचाच राहिलो असतो."

मालकांना लाज वाटत होती आणि ती लपत नव्हती. ते काकूंना म्हणाले, "चुकलं माझं."

"सकाळी चोर म्हणालात ते टाक्यांपाशी, चाळीस माणसांसमोर," काकू म्हणाल्या. "आणि माफी मात्र दार लावून?"

मालक उठले. त्यांनी दार उघडलं आणि सगळी यंत्रं बंद करायला सांगितली.