मशीनच्या तेलाचा एक थेंब

बाबांचा गुडघा गेला आणि त्यांची मोटरसायकल माझ्या वाट्याला आली. गाडी धावायची झकास, पण इंजिन असं कळकट की बघवत नव्हतं. म्हटलं, आपणच रंगवू. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे शिवते, एवढंही नाही जमणार?

कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात गेले. बाहेर रिपरिप पाऊस, मी निथळत उभी. काउंटरवर मालकांचा भाचा होता. मी ऐटीत ऑइलपेंटचा डबा मागितला.

“खिडकीला ना?”

“इंजिनला.”

तो हसला नाही. ओठ दाबून कपाटाकडे वळला, पण खांदे हलत होते...

“हसा, हसा!” मी म्हटलं.

“हसत नाही हो. खिडकीचा रंग इंजिनवर लावलात तर पहिल्याच फेरीत धूर निघेल. हा घ्या, उष्णता सोसणारा. पण आधी तेलकटपणा पार काढायचा. बोटाचा ठसासुद्धा राहता कामा नये — नेमका तिथेच रंग सुटतो.”

“एवढं येतंय तर येऊन दाखवा की!”

आणि रविवारी तो खरंच आला की हो! बाबांनी त्याला ‘रंगोबा’ नाव ठेवलं, तो मला ‘टेलरबाई’ म्हणायला लागला. आम्ही अंगणात फतकल मारून रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिनला गार ठेवणाऱ्या एकेक पातीतला मळ काढला. रंग नको तिथे मी कागद असा बेतून चिकटवला की तो बघतच राहिला.

“बाही बेतताय का?”

“तुमचं तोंड बंद करायलाही उरलाय थोडा कागद. देऊ?”

त्याच्या कानाला ग्रीस लागलं होतं. मी पुसलं. मग तो कितीतरी वेळ एकच पाती घासत राहिला... आणि मीही.

पुढच्या रविवारी रंग द्यायचा होता. सकाळपासून मला एकच घोर. काम संपलं की हा कशाला येईल? तो हात धुवायला गेला आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि इंजिनच्या मागच्या पात्यांवर फिरवला. तो आला, त्याने मन लावून रंग फवारला. एक पातळ हात, थांबायचं, मग दुसरा.

“चार दिवसांनी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं, मग पूर्ण गार होऊ द्यायचं. मग वीस मिनिटं. ऊब मिळाल्याशिवाय हा रंग पक्का होत नाही,” जाताना तो म्हणाला.

इंजिन तापलं आणि मागच्या पात्यांवर फोड आले. मी लगेच फोन केला, आवाज अगदी रडवेला काढून.

तो रविवारी आला. सुटलेला पापुद्रा नखाने काढला. खाली चकचकीत तेल. बोटाला लावून बघितलं, वास घेतला.

“इंजिनचं तेल काळं असतं, टेलरबाई. हे पाण्यासारखं नितळ आहे.”

माझे कान तापले. त्याने वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, उलट हसूच होतं. तेव्हा खरं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

“मला काय विचारता? तुमचाच डबा जुना असेल!”

हसू गेलं. त्याने खाली मान घालून पात्या पुन्हा घासायला घेतल्या.

“मामा दुसऱ्या गावात दुकान काढतायत,” शेवटी तो म्हणाला. “मला जा म्हणतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही... तू काय म्हणतेस?”

पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला! आणि मी, चोरी पकडली गेल्याच्या लाजेने फणकारले, “जा की! मी कोण अडवणारी?”

तो उठला. रंगाचे दोन्ही हात नीट दिले, ब्रश धुतले, बाबांना सांगून गेला.

मला वाटलं, येईल. फोनकडे बघत बसायचे, पण मी आधी करणार नाही, असला माझा ताठा. रंग पुन्हा सुटला असता तरी दुकानात जाता आलं असतं. पण त्याने दिलेला रंग असा पक्का बसला की जायला निमित्तच उरलं नाही. बाबा रोज म्हणायचे, “रंगोबाचा हात चांगला हं!” आणि मी आत निघून जायचे.

दोन महिन्यांनी ताठा गळाला. गेले दुकानात. काउंटरवर मामा होते.

“तो तिकडचं दुकान बघतो आता. लग्नही ठरलं, गेल्याच आठवड्यात.” मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “टेलरबाई तुम्हीच का? अहो, तो जाताना तुमच्यासाठी काहीतरी ठेवून गेला होता.”

फळीवरून त्यांनी एक छोटी बाटली काढली, धूळ फुंकली. शिलाई मशीनचं तेल. रबराने गुंडाळलेली चिठ्ठी होती:

‘एवढा खटाटोप कशाला केलास? मी तसाही आलो असतो. नुसतं ये म्हण, अजूनही येईन.’

दोन महिने ती बाटली त्या फळीवर होती. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर.