कातळावरचा हात

उद्या डोंगर चढायला निघालात ना? जा, खुशाल जा. पण आधी हे ऐका. आणि हसू नका. ज्याच्यावर गुदरलं, त्याच्याच तोंडून ऐकलंय मी.

आपल्या चौकात चष्म्याचं दुकान होतं त्याचं. सगळे त्याला घोरपड म्हणायचे. उभ्या भिंतीला चिकटेल असा गडी! साथीचे दिवस. शहर कडीकुलपात, डोंगरावर जायला बंदी. पायथ्याला एक म्हातारे मास्तर राहायचे, त्यांच्या चष्म्याची काच बदलून पोचवायची होती. तेवढ्यासाठी ह्याने पास काढला. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी अमावास्या. मास्तरांनी दारातूनच चष्मा घेतला.

"थेट घरी जा बरं."

"हो, हो," म्हणाला, आणि मागच्या वाटेने डोंगराला लागला.

सुटलेल्या वासरासारखा चढला. छाती भात्यासारखी हलतेय, पोटऱ्या भरून आल्यात, आणि हा आपला खूश. धूर नाही, धूळ नाही. खाली सगळं शहर ताटात वाढून ठेवल्यासारखं. शिट्टी वाजवत चालला होता.

अंधारून येताना उभ्या कातळापाशी पोचला. तिथे शिट्टी थांबली.

कारण त्याआधीच्याच महिन्यात तो साडूला घेऊन इथे आला होता. चोरून, दोघांनीही घरी सांगितलं नव्हतं. कातळाच्या निम्म्यात साडूला खोकल्याची उबळ आली. अंग तापाने फणफणलेलं. "हात दे रे," म्हणाला. हा घोरपड वर पोचला होता. हात दिला नाही त्याने, उलट मागे सरकला. "थांब तिथेच, माणसं पाठवतो," एवढं बोलून हा पलीकडच्या वाटेने उतरला. माणसं काही पाठवली नाहीत. बंदी मोडल्याचं उघडं पडलं असतं ना! चार-पाच दिवसांनी साडू खाली सापडला. मेहुणी रडत विचारायची, "भावजी, हे एकटेच कशाला हो गेले तिकडे?" हा मान खाली घालायचा.

आता तिथूनच परत फिरावंसं वाटलं त्याला. पण खोड जाते थोडीच? "मेला तो मेला," असं पुटपुटत त्याने कातळात बोटं रोवली.

निम्म्यात पोचला. पाय निसटला. दोन्ही हातांवर लोंबकळला. खाली नुसता काळोख.

वर कुणीतरी खोकलं.

"कोण आहे?"

"अरे, कोण आहे वर?"

एक हात खाली आला. मनगटापर्यंत दिसला. पुढे अंधार.

"घे."

आवाज ओळखीचा होता. बोटं सुटत होती. न घ्यावा तर मरण. घ्यावा तर…

घेतला.

तापलेला तवाच तो. हाताने ओढलं. वर… माथ्यावर नाही. कडेच्या एका अरुंद कपारीत नेऊन बसवलं. अलगद. मूल पाळण्यात ठेवावं तसं. मग कानाशी गरम श्वास.

"आता तू थांब. मी घरी सांगून येतो."

पावलं लांब गेली. हा हाका मारत राहिला. रात्रभर.

सकाळी गुराख्यांनी ऐकलं. दोर लावून उतरवावं लागलं, कारण त्या कपारीला ना वरून वाट, ना खालून. ताप डोक्यात चढलेला. जगला तो, पण आज दोन पायऱ्या चढला की भिंत धरून उभा राहतो. आणि उतरवला तेव्हा अनवाणी होता. "बूट मी काढलेच नव्हते हो," हे मला शपथेवर सांगितलंय त्याने.

मेहुणीची गल्ली तेव्हा दोन्ही तोंडांना बांबू ठोकून बंद होती. पहाऱ्यावर पोलीस. आत-बाहेर कुणी गेलं नाही. त्याच पहाटे तिने दार उघडलं.

उंबऱ्यावर बूट. तिच्याच बहिणीने नवऱ्याला घेऊन दिलेले. नाड्या एकमेकींत बांधलेल्या, बुटांची टोकं घराकडे.

तिने आत हात घालून पाहिला…

अजून गरम होते.