शेकोटी, बाहेर हो

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या मनचा नाही.

रविवारची दुपार होती. जागा म्हणजे आमची क्ष-किरण मायक्रोस्कोपची खोली.

क्ष-किरण एका ठिपक्यावर आणायचे, तर भिंग केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकंही हलून चालत नाही. जवळ उभ्या माणसाच्या उबेनंसुद्धा ते हलतं. म्हणून सगळ्यांनी बाहेर यायचं, शिशाचं दार लावायचं आणि खोली निवेपर्यंत थांबायचं.

माझा नवरा म्हणजे चालती भट्टी. सगळे त्याला शेकोटीच म्हणायचे. "शेकोटी, बाहेर हो!" असं रोज ओरडावं लागायचं.

त्या रविवारच्या थोडं आधी, थंडीत तो गेला. बसल्या जागी, हृदय बंद पडून.

त्या दुपारी लावलेलं भिंग त्याचंच. वर्षानुवर्षं खपून बनवलेलं, पण एकदाही न वापरलेलं. त्या दुपारी आमची मशीनवरची शेवटची पाळी होती. फोकस झाला नाही, तर भिंग अडगळीत जाणार होतं.

मी आतला कोपरान् कोपरा पाहिला. दार लावलं. किरण सोडले.

ठिपका बारीक होत आला...

आणि सरकला.

पुन्हा जुळवला. पुन्हा सरकला.

मशीन चालवणारे काका तापमानाच्या चढत्या आकड्याकडे बघत होते.

"अगं... आत कोणी राहिलंय का?"

मी किरण बंद करून धावत आत गेले.

कोणीच नव्हतं.

खोली गार होती. फक्त भिंगाजवळ... ऊब.

मी हात पुढे केला. शेजारी माणूस उभा असला की लागते ना, तशी.

मला रडूच कोसळलं. किती वेळ तशीच उभी होते, देव जाणे.

"वेळ संपत आलाय गं," काका दारातून म्हणाले.

मी डोळे पुसले.

"शेकोटी, बाहेर हो रे. तुझंच काम आहे हे."

काहीच झालं नाही...

मग माझ्या गालाजवळून काहीतरी उबदार सरकत गेलं. दाराकडे.

मीही बाहेर आले, दार लावलं, खोली निवू दिली. त्यानंतर ठिपका जुळला, तो हललाच नाही. चित्र इतकं स्वच्छ आलं की काकांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या भिंगाला आता त्याचं नाव आहे.

काका म्हणतात, एसी बिघडला असेल. असेल बापडा.

पण मी त्याला बाहेर काढलं ते कुठे, हा विचार काही पाठ सोडत नाही. चित्र गेलं असतं खड्ड्यात. आणखी थोडा वेळ त्याच्याजवळ थांबायला काय झालं होतं मला?

हल्ली कामं उकरून काढते आणि त्या खोलीत एकटीच उभी राहते, भिंगाजवळ. आकडा चढतो, पण माझ्या एकटीपुरताच.

शेवटी काकाच हळू आवाजात हाक मारतात.

"चल गं बाहेर. खोली तापतेय."