हळदीच्या गाण्यांना कुलूप

"पिवळी माही हळद, जात्याखाली पिठी झाली,
बयना माही लेक, उंबऱ्याची पाहुणी झाली..."

आईचा हा आवाज बयनाला केव्हाही ऐकू यायचा. चुलीपुढे बसली की, कापूस वेचायला वाकली की, केस विंचरताना आरशात स्वतःची मान आईसारखी कलती दिसली की. दोन पावसाळे झाले होते विमलबाईंना जाऊन. चेहरा फोटोत राहिला होता, लुगड्याचा वास लोखंडी पेटीत राहिला होता. आणि आवाज? आवाज घरातल्या कंप्युटरमध्ये होता.

थोरला भाऊ यशवंत हैदराबादला शिकत होता, तेव्हा एका दिवाळीला त्यानं तो गावी, बेल्याला आणलेला. त्याच दिवाळीत आईचं दुखणं वाढलं. एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "यशवंता, तुह्या त्या डब्ब्यात माहे गाणे भरून ठेव. बयनाच्या हळदीले मी काई नसन."

त्यांच्या घरची रीतच होती ती. नवरीची हळद आईच्या गाण्यावर दळायची. आई गाणार, बाया जातं ओढणार. यशवंतनं माइक पुढे धरला. आई गायली... समोर जातं नव्हतं, तरी तिचा हात हवेत गोल फिरत होता. ती गाणी यशवंतनं एका फोल्डरमध्ये ठेवली, फोल्डरला नाव दिलं 'आई', आणि कुणाच्या हातून चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून तो उघडण्याची परवानगी फक्त आपल्या एकट्याला ठेवली.

मग आई गेली. यशवंत नोकरीला अमेरिकेला गेला. बयनाचं पांढरकवड्याच्या एका मुलाशी साक्षगंध झालं, लग्न ठरलं, आणि त्याच महिन्यात कंप्युटर सुरू व्हायचा बंद पडला.

आदिलाबादच्या बसमध्ये कंप्युटरची ती जड पेटी वाकळीत गुंडाळून बयना मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर पळस नुसता पेटला होता. खड्डा आला की ती पेटी छातीशी कवटाळायची.

"एमम्मा, लगेज टिकेट!" तेलुगू कंडक्टर येऊन उभा राहिला.

मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "अहो, लेकरू हाय ते. झोपलं हाय. त्याचं कायचं तिकीट?"

बयनानं वळून पाहिलं. सावळा, सडपातळ, डोळ्यांत हसू. शर्टाच्या खिशाला पेन लावावा तसा स्क्रू-ड्रायव्हर लावलेला.

"लेकरू नाई," ती म्हणाली. "माही माय हाय याच्यात. तिचं गाणं."

त्याच्या डोळ्यांतलं हसू तिथंच थांबलं. तो उठून शेजारी आला, थोडं अंतर ठेवून बसला. "असं असन तं मले द्या. खड्ड्यानं डिस्कले मार लागते." पेटी मांडीवर घेऊन त्यानं टाचा उचलल्या, आणि चवड्यांवर भार तोलून, खड्ड्याखड्ड्याला गुडघे वरखाली करत तो तसाच बसून राहिला... पाळण्यासारखा.

"पाय भरून येतीन तुमचे."

"येऊ द्या. कोणाची माय मांडीवर घेतली का अशी आपटाची असते काय?"

बयना खिडकीकडे तोंड करून हसली. कितीतरी दिवसांनी.

तो उद्धव. गुडीहत्नूरच्या भाजीवाल्या मळेकऱ्याचा मुलगा. आदिलाबादला एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायचा, दुरुस्तीही करायचा. बयना निघाली होती ती त्याच क्लासचा पत्ता घेऊन.

क्लासमध्ये त्यानं डिस्क पुसली नाही, आतलं काही हलवलं नाही. विंडोज तेवढं नव्यानं घातलं. कंप्युटर सुरू झाला. 'आई' फोल्डर जागच्या जागी होता. बयनानं क्लिक केलं, आणि पडद्यावर पाटी आली: 'ॲक्सेस इज डिनाइड'. आत जायची परवानगी नाही.

पेटी घरी आणली, पण पुन्हा त्या रस्त्यानं न्यायची नाही, असं ठरलं; म्हणून रविवारी उद्धवच बेल्याला आला. बयनाचे वडील चंपतराव गावात किराणा दुकान चालवायचे. त्यांनी एसटीडी बूथवरून अमेरिकेला फोन लावून यशवंतचा पासवर्ड आणून ठेवला होता. उद्धवनं यशवंतच्या नावाचं खातं नव्यानं बनवलं, तोच पासवर्ड घातला. तरी पाटी तीच.

"अहो सर, नाव तेच, पासवर्ड तोच, मंग हे मशीन नाई काऊन म्हणून राह्यलं?" चंपतराव वैतागले.

"काका, मशीन नावावर जात नाई. दर माणसाले ते आतून एक नंबर देते. जुन्या विंडोजसंग जुना यशवंत गेला, त्याचा नंबरबी गेला. हा नवा यशवंत त्याच्यासाठी परका हाय."

चंपतरावांनी मांडीवर थाप मारली. "अस्सं! म्हंजे जमिनीचा पट्टा जुन्याच्या नावानं, अन् नवा माणूस दारात उभा! मंग कबजा कोण देईन?"

"पट्टाच नावावर करून घ्या लागते. मालकी घेता येते काका, पण मले नीट वाचून या लागन. पुढच्या रविवारी येतो."

चंपतरावांचा जीव त्या फोल्डरमध्ये अडकला होता. पांढरकवड्याच्या सोयऱ्यांना त्यांनी साक्षगंधातच सांगून टाकलं होतं, "तिच्या गाण्याबिगर माह्या लेकीची हळद दळली जाणार नाई. गाणे उघडले का सांगावा धाडतो." सोयरे हसले, पण कबूल झाले. मुलगा वाईट नव्हता. बोट ठेवावं असं त्याच्यात काहीच नव्हतं. फक्त... बयनाला कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी उद्धवनं तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं. "पाहून घ्या. उद्या तुमालेच करा लागन. फोल्डरवर उजवं बटन दाबा. प्रॉपर्टीज. मंग सिक्युरिटी. मंग ओनरशिप."

"अन् मंग?"

"मंग 'टेक ओनरशिप'. घ्या मालकी."

"इतकं सोपं? कोणाले पुसाचंबी नाई?"

"मशीनले पुसा लागत नाई, बयनाबाई. माणसाले..." तो थांबला. माउसवरची त्याची बोटं उगीच इकडेतिकडे झाली.

"माणसाले काय?"

"काई नाई. पडद्याकडं पाहा."

"पडद्याकडंच पाहून राह्यले मी. तुमीच नाई पाहून राह्यले."

दारात ज्वारी पाखडत बसलेल्या शेजारच्या रुक्माबाई मावशी मोठ्यानं खोकल्या.

फोल्डर उघडला! आत हळदीची गाणी ओळीनं उभी. उद्धवनं पहिल्या गाण्यावर क्लिक केलं... पुन्हा तीच पाटी.

त्यानं कपाळावर हात मारला. "माहीच चूक. मालकी फोल्डरची घेतली, पण आतल्या फायलींवर अजून जुनंच कुलूप हाय. खाली ही चौकट दिसते ना? आतल्या सगळ्यायले हेच लागू करा, अशी खूण कराची राह्यली."

आणि लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. उकाड्यात तिघं बसून राहिली. लाइट काही आली नाही, शेवटच्या बसची वेळ झाली. निघताना तो म्हणाला, "लाइट आली का खूण करून 'फुल कंट्रोल' द्या, बस. फक्त त्या यादीतल्या 'नो ॲक्सेस'ले हात लावू नका. बाकी कितीबी परवानग्या द्या, ते एक लावलं का सगळ्या वाया जातात. मालकालेबी आत सोडत नाई ते."

लाइट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाबा दुकानात होते. बयनानं सांगितल्यासारखं सगळं केलं. खूण केली, परवानगी दिली. बाण गाण्यावर नेला. आता एक बोट दाबायचं, की आई...

बोट दाबलं गेलं नाही. आईचा आवाज त्या पेटीतून आला, म्हणजे तो आता तेवढाच उरला, हे नक्की होणार. बाबा सांगावा धाडणार. जातं धुऊन अंगणात येणार. हळद लागणार. आणि रविवारी बसमधून, खिशाला स्क्रू-ड्रायव्हर लावलेलं कुणी उतरणार नाही.

तिनं यादी उघडली. सगळ्यांसाठी, 'नो ॲक्सेस'. आणि घाईघाईनं उठून ती विहिरीकडे निघून गेली; कुणी मागे लागल्यासारखी.

रविवारी उद्धव आला. त्यानं परवानग्यांची चौकट उघडली आणि त्याचा हात माउसवर तसाच राहिला. आत एकच ओळ होती: सगळ्यांसाठी 'नो ॲक्सेस'.

"कोणी हात लावला व्हता काय याले?"

"मशीनचं मशीनले ठाऊक," बयना ज्वारीतले खडे निवडत म्हणाली. सुपात खडा एकही नव्हता.

ओसरीवरून चंपतरावांनी विचारलं, "काय झालं सर? उघडलं काय?"

मशीन आपल्या मनानं असं कधी करत नाही, हे उद्धवला ठाऊक होतं. त्यानं बयनाकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही... आणि मग केली.

"जरा अवघड हाय, काका," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी पाहातो."

त्याचे कान लाल झाले होते. बयनाला ते लाल कान आठवडाभर पुरले.

त्यानं ते कुलूप काढलं नाही, तिनं काढा म्हटलं नाही. फाल्गुन असाच गेला. पळसाची फुलं गळली, मोहाचा वास बांधाबांधावर सुटला. तो यायचा, पडद्यापुढे बसायचा, कधी मळ्यातली कोवळी काकडी आणायचा. ती भाकरी वाढायची आणि तव्यावरची दुसरी मुद्दाम उशिरा भाजायची.

"बाप्पा वं!" रुक्माबाई मावशी म्हणायच्या. "माणसाचा ताप तीन दिवसांत उतरते. हा कंप्युटर तं रविवार आला का तापते!"

चैत्रात पांढरकवड्याहून निरोप आला. लग्नाची तिथी जवळ आली होती. गाणी मिळोत न मिळोत, हळद आता थांबणार नव्हती.

त्या रविवारी उद्धव लवकरच्या बसनं आला. बयना अंगणात भांडी घासत होती. तो ओसरी चढून दारापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरून तिच्यापाशी आला. चेहरा उतरलेला.

"आज उघडतो मी."

तिच्या हातातली राख तशीच राहिली. "काऊन?"

"तुमचे बाबा बंद मशीनपुढं बसले हायेत. हात जोडून. 'विमल, गा ना वं' म्हणून राह्यले." तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "मले वाटे, आपण फक्त आपल्या दोन घटका चोरून राह्यलो. पण ते गाणं त्यायचंबी हाय."

बयनानं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "उघडा." आणि जरा वेळानं, "हळदीले याल?"

"नाई." तो हसायचा प्रयत्न करत होता. "त्या दिवशी लाइट गेली तं कंप्युटर बंद पडन. माइकवाल्याचं जनरेटर पाठवून देईन."

मग तो आत गेला. एक ओळ काढली, दुसरी घातली, खाली खूण केली. बयना दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चंपतराव बसल्या खाटेच्या कडेला सरकले.

आधी नुसती खरखर. मग बांगडीचा बारीक आवाज... आणि आई.

"पिवळी माही हळद..."

हा आवाज बयनाच्या मनातल्या आवाजापेक्षा थकलेला होता. मनातली आई कधी धापा टाकत नव्हती. ही ओळीओळीला श्वास घेत होती आणि तरी सूर सोडत नव्हती. दारात रुक्माबाई मावशींचं सूप थांबलं. उद्धव पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक गाणं सरलं, दुसरं लागलं, तेही सरलं. शेवटी खोकल्याची उबळ आली, आणि आई अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "झालं काय रे यशवंता? पाणी दे थोडं."

चंपतराव उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी तांब्या भरून घेतला, दोन पावलं पुढे आले, आणि मग थांबले. तांब्या हातात. पाणी कडेवरून सांडत राहिलं.

 त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "सुधरलं मशीन," ते म्हणाले. "लय उपकार झाले सर तुमचे. आजच सांगावा धाडतो पांढरकवड्याले. तिच्याच गाण्यावर दळू हळद."

उद्धव उठून आपली पिशवी आवरू लागला.

"बाबा," बयना म्हणाली. "सांगावा नका धाडू."

"काऊन वं पोरी?"

तिनं दाराची चौकट सोडली. ती आत आली आणि वडिलांच्या हातातला तांब्या तिनं काढून घेतला.

"इतके दिवस मशीनले काई झालंच नव्हतं, बाबा. ते कुलूप मी लावलं व्हतं. माह्या हातानं. मायचं गाणं तुमच्यापासून दडवून ठेवलं म्या, तुमी रोज वाट पाहून राह्यले ते दिसत असून." ती थांबली नाही. "गाणं उघडलं का हळद लागन, अन् हळद लागली का हे माणूस या घरी कधी येणार नाई, म्हणून लावलं. मले पांढरकवड्याले नाई जाचं, बाबा. मले उद्धवसंग राहाचं हाय."