हिरामणकाकांना वरून सोडलं तेव्हा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. धवल माझा शाळेपासूनचा मित्र. थापाच मारायच्या असत्या तर त्याने याहून बऱ्या मारल्या असत्या.

मागच्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. जागा म्हणाल तर वसईजवळच्या निर्मळच्या पश्चिमेला, समुद्रावर.

समुद्रावर म्हणजे... हवेत.

धवल निर्मळचा. केळीच्या वाडीतलं पोर, शिकून पायलट झालं. त्या दिवशी ओळखीच्या शेठचं चार सीटचं छोटं विमान घेऊन तो जुहूहून निघाला होता. शेजारी चुलत बहीण हेमाली. तिच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश.

तिच्या वडिलांच्या अस्थी.

हिरामणकाका म्हणजे जमदग्नीचा अवतार. बांधावरून शेजाऱ्यांशी उभा दावा. आणि हेमालीने लग्न केलं ते त्याच शेजाऱ्यांच्या दीपेशशी! तेव्हापासून बापाने लेकीचं तोंड पाहिलं नाही. मरताना मात्र निरोप ठेवला, "माझ्या अस्थी हेमालीनंच सोडायच्या. विमानातून."

सगळ्यांचे डोळे भरले. म्हणाले, शेवटी बापाचं काळीज.

काळीज कसलं डोंबलाचं!

निघताना हेमालीच्या आईने, मथुराकाकूंनी, बजावलं होतं, "सोडलं का मागं वलून बगायचं नय, बाय. सरल घरी यायचं."

घाटावर ते जमतं. विमानात कसं जमणार? घर तर मागेच राहिलेलं असतं.

हेमालीने खिडकी उघडून कलश उपडा केला. वाऱ्याने निम्मी राख परत आत फेकली. तिच्या केसांत, मांडीवर, दोन्ही हातांना राखच राख.

"दादा, बाबा जायलाच तयार नाहीत रे..." ती रडता रडता हसली.

धवलने विमान वळवलं. जिथे अस्थी सोडल्या, त्याच पाण्यावरून.

आणि इंजिन खोकलं...

मग बंद.

बाहेर फक्त वाऱ्याची शीळ. समोरचा पंखा नुसता वाऱ्याने फिरत होता.

धवलचे हात शिकवल्याप्रमाणे चालले. नाक खाली. वेग सांभाळायचा. तोंड किनाऱ्याकडे. मग एकेक बटण तपासायचं. दोन सीटच्या मधे, खाली, इंधनाचा नॉब असतो. त्याने तो पाहिला...

नॉब बंद होता.

हवेत असताना त्याला कुणी हात लावत नाही. धवलने तो फिरवला. इंजिन घरघरलं, चालू झालं.

"काय झालं, दादा?"

"काही नाही गं. नॉब सैल झालाय."

राजोडीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं दिसू लागली. आता वाचलो, असं त्याला वाटलं, आणि पुन्हा तोच खोकला...

पुन्हा नॉब बंद.

आता उंची फार उरली नव्हती. त्याने रेडिओवर मदत मागितली. उत्तर आलं नाही. हेडफोनमध्ये फक्त कुणीतरी श्वास घेत होतं. जड, कफाने भरलेला, म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

हेमालीने तर भीतीने श्वास रोखून धरला होता.

त्याने नॉब पुन्हा उघडला. या वेळी नजर हलवली नाही. समोर समुद्र वर येत होता, तरी नाही.

एक हात आला...

राखेने पांढरा. सावकाश.

बोटं नॉबवर आवळली.

हात हेमालीचा होता.

ती समोर बघत होती. ओरडत होती, "दादा, काहीतरी कर! मला मरायचं नाहीये!" आणि तिचाच डावा हात, तिला पत्ता नसताना, इंधन बंद करत होता.

धवलने तो हात धरला. बर्फासारखा गार. आणि जोर तिचा नव्हेच. जन्मभर कुदळ चालवलेल्या माणसाचा जोर होता तो. ती मूठ तशीच धरून त्याने नॉब पुन्हा उघडला, इंजिन धडधडलं आणि विमान वर चढू लागलं.

जुहूपर्यंत त्याने तो हात सोडला नाही. उतरताना वेग कमी करायला थ्रॉटल ओढतानाही तिची मूठ आपल्या मुठीत धरूनच ओढली. हेमालीला वाटलं, दादा धीर देतोय.

खाली मेकॅनिकने नॉब तपासला. चांगला घट्ट होता.

धवलने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? बाप न्यायला आला होता, आणि तोही तुझ्याच हाताने?

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. सकाळी, हसत हसत.

"दादा, तुझ्या विमानासारखा आमच्या शेगडीचा नॉबपण सैल झालाय बघ. काल उठलो तर घरभर गॅस. खिडकी उघडी होती म्हणून बरं. दीपेश म्हणतो, नवीन शेगडी घेऊ."

धवल हातातलं काम टाकून वसईला तिच्या घरी धावला. सिलिंडर उचलून अंगणात ठेवला. मग दीपेशला बाजूला घेऊन म्हणाला, "रात्री हिचा हात धरून झोपत जा."

दीपेश हसला. "कुठला हात, दादा?"

"डावा," धवल म्हणाला. "आणि झोपेत तिने कितीही हिसका दिला, तरी सोडू नकोस."