दहावे दालन

जतच्या माळावरच्या दूरयान नियंत्रण केंद्रात, आज्ञा-कक्षाच्या भिंतीवर एकच पाटी होती. ‘‘सर्व’ लिहिण्याआधी स्वतःला वगळा.’ नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला शाल्मलीताई जगदाळे ती पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचायला लावत आणि मग अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत. एका अतिहुशार अभियंत्याने दूरच्या साठ यंत्रांना एका दमात हुकूम सोडला होता, सर्वांनी बंद व्हा. त्याच्या पुढ्यातले यंत्रही त्या यादीत होते. तेही निमूटपणे बंद पडले आणि बाकीच्यांना उठवायला हाताशी काही उरलेच नाही. ही गोष्ट सांगताना ताईंना दरवेळी तितकेच हसू येई. आपल्या हातून असले काही होणार नाही याची त्यांना बालंबाल खात्री होती.

त्या शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या टेबलावरचे जुने यंत्रही जाणार होते. ताई त्याला ठकी म्हणत. ठकीचा पंखा कुरकुरे, पडद्यावर चित्रे दिसत नसत, फक्त अक्षरांच्या ओळी. पण ताई कुठलीही आज्ञा आधी ठकीवर चालवून पाहत आणि मगच अंतराळात पाठवत. तिच्या पोटात प्रचंड जागा होती आणि ती गेली कित्येक वर्षे रिकामीच पडून होती.

मंगळवारी सकाळी नऊला ‘अगस्त्य’ यानाकडून बातमी आली आणि कक्षातल्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

‘अगस्त्य’ शनीकडे निघाले होते आणि वाटेत गुरूला वळसा घालत होते. यानावर दोनशे बारा माणसे दीर्घनिद्रेत होती, जागे कुणीच नव्हते. त्यांची देखभाल नऊ दालनांत विखुरलेले सहाशे चाळीस संगणक करत होते. प्रत्येक झोपलेल्या माणसाचा एक निद्रालेख असे. किती औषध गेले, हृदय किती संथ आहे, उठवायचे ते कोणत्या क्रमाने, हे सगळे त्यात क्षणाक्षणाला लिहिले जाई. लेख हरवला की माणूस जिवंत राही, पण त्याला उठवता येत नसे. म्हणून प्रत्येक लेखाच्या तीन प्रती तीन वेगळ्या दालनांत ठेवलेल्या असत. आता गुरूच्या किरणपट्ट्यात अनपेक्षित वादळ उठले होते आणि संगणक एकामागून एक गळत होते. सर्वांत जास्त गळत होते ते नवव्या दालनात.

नवव्या दालनात झोपलेल्यांत केतकी जगदाळे होती. वनस्पतिशास्त्रज्ञ, वय एकोणतीस, ताईंची एकुलती एक मुलगी. निद्रागृहात जाताना ती म्हणाली होती, ‘‘आई, मला उठवायला विसरू नकोस हं. शाळेच्या वेळी दहा हाका मारायचीस तशा मार.’’ ताईंनी तिला ‘‘चल, चावटपणा पुरे’’ म्हणून दटावले होते. ते आता त्यांना आठवले.

केंद्राचे संचालक विराज हिरेमठ वयाने ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि थोडे उतावळे. त्यांनी तडकाफडकी शंभर आज्ञांची यादी करून पाठवली. सतरा क्रमांकाच्या संगणकातला लेख ब्याण्णवमध्ये ठेवा, चाळीसमधला तीनशे पाचमध्ये ठेवा, अशी. संदेश पोचायला चव्वेचाळीस मिनिटे, उत्तर यायला चव्वेचाळीस. दीड तासाने उत्तर आले. शंभरांपैकी अठ्ठावन्न आज्ञा वाया गेल्या होत्या. ब्याण्णव तोवर जळून गेला होता, तीनशे पाच मूर्च्छित पडला होता.

‘‘आपण शिळी बातमी वाचून ताजे हुकूम देतोय,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तुमची आज्ञा तिथे पोचेपर्यंत ते यान हे यान राहिलेलंच नसतं, हिरेमठ.’’

‘‘मग करायचं काय? हातावर हात धरून बसायचं?’’

‘‘हुकूम द्यायचा नाही. कसं असायला हवं तेवढंच सांगायचं.’’

हिरेमठांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटले. निद्रावैद्य डॉ. फरिदा मुजावर शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही मान वळवली.

‘‘माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात आमटीचं पातेलं चुलीवर होतं,’’ ताई सांगू लागल्या. ‘‘मोठ्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आमटीत मूठभर मीठ घाल. तिघी आल्या, तिघींनी घातलं. वऱ्हाडी पाणी पिऊन पिऊन बेजार. काकूंनी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, आमटी चवीला नीट असू दे. मग पहिलीनं मीठ घातलं असतं आणि दुसरीनं चाखून तसंच पुढे जाऊ दिलं असतं. शंभरजणी आल्या तरी आमटी बिघडली नसती.’’

‘‘म्हणजे यंत्रानं आधी चाखायचं,’’ डॉ. मुजावर म्हणाल्या.

‘‘अगदी बरोबर. तिथल्या प्रत्येक संगणकावर राखणदार नावाची छोटीशी आज्ञावली आहे. तिला आपण स्थितिपत्र पाठवायचं. ती दर दहा मिनिटांनी पत्र वाचेल, आजूबाजूला पाहील, कमी असेल तेवढंच करेल. काही कमी नसेल तर स्वस्थ बसेल. कोण जळालं, कोण उरलं, हे आपल्याला ठाऊक असायची गरजच नाही. त्यांना ठाऊक आहे ना!’’

हिरेमठ क्षणभर घुटमळले. संचालकाने हुकूम द्यायचा नाही ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती. पण अठ्ठावन्न हा आकडा पडद्यावर तसाच होता. ‘‘लिहा ताई,’’ ते म्हणाले.

ताई ठकीपुढे बसल्या. पहिली ओळ लिहिताना त्यांची बोटे थांबली. नवव्या दालनापासून सुरुवात करा, एवढे चार शब्द घातले असते तर कुणी विचारले नसते. मोह झाला, खोटे कशाला सांगा. मग त्यांना बाकीच्या दोनशे अकरा आया आठवल्या आणि त्यांनी लिहिले, ‘प्रत्येक प्रवाशाच्या निद्रालेखाच्या तीन जिवंत प्रती तीन वेगळ्या दालनांत असाव्यात.’

‘‘जिवंत म्हणजे काय समजू?’’ त्यांनी विचारले. ‘‘यंत्राला मोघम चालत नाही, डॉक्टर. प्रत किती शिळी झाली तरी माणूस सुखरूप उठेल?’’

डॉ. मुजावरांनी हिशेब केला. ‘‘दोन तास. त्यावर एक मिनिटही नको.’’

‘दोन तासांच्या आत ताजी असलेली प्रत जिवंत समजावी.’ आता ही स्थिती कोणी राखायची? हिरेमठांच्या यादीत फक्त निद्रेचे संगणक होते. ताईंना तेवढे पुरेसे वाटेना. मुदपाकखान्याचा संगणक, वाचनालयाचा, धुलाईयंत्राचा, ज्याच्यावर राखणदार आहे तो प्रत्येक हवा होता. वेळ भराभर चालला होता. त्यांनी घाईघाईने लिहिले, ‘सर्व’, आणि पत्र रवाना केले. दहा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. पाटी त्यांच्या पाठीमागे होती.

मग वाट पाहणे. हिरेमठ फेऱ्या मारत राहिले. डॉ. मुजावरांनी चहा मागवला आणि तो सगळ्यांपुढे गार झाला. केतकीला दहाव्या हाकेला जाग यायची, त्या आधी कधीच नाही, हे ताईंच्या मनात पुन्हा पुन्हा येत होते.

बारा वाजून अठरा मिनिटांनी अहवाल आला. हिरेमठांनी तो मोठ्याने वाचला. ‘‘निकामी संगणक एकशे त्रेचाळीस. निद्रालेख दोनशे बारा. तीन ठिकाणी जिवंत, दोनशे पाच...’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘ताई, दोनशे पाच! एक लेख भाताच्या कुकरमध्ये ठेवलाय यानानं! तीन धुलाईयंत्रात!’’ कक्षात टाळ्या पडल्या.

‘‘उरलेले सात?’’ ताईंनी विचारले.

‘‘सात... दोन प्रती जागेवर. तिसरी प्रत, वाटेत.’’ त्यांनी नावे वाचली. सगळी नवव्या दालनातली. सातवे नाव केतकीचे होते.

‘‘वाटेत म्हणजे?’’ डॉ. मुजावर म्हणाल्या. ‘‘एका दालनातून दुसऱ्यात जायला असा कितीसा वेळ लागतो?’’

‘‘दोन सेकंद,’’ हिरेमठ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘अहवालाला जोडलेली नोंद पाहा. पोचण्याचा अपेक्षित वेळ चव्वेचाळीस मिनिटं. काहीतरी बिघडलंय. यानावर जागाच संपली असणार आणि लेख कुठेतरी अडकले.’’

नेमका तेव्हाच भांडार विभागाचा भास्कर लोंढे दार ढकलून आत आला. हातात निर्लेखनाचा, म्हणजे जुने यंत्र मोडीत काढण्याचा अर्ज, मागे हातगाडी. आत काय चालले आहे याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

‘‘मॅडम, ह्ये जुनं यंत्र न्यायचं हाय न्हवं? शनवारी गर्दी आसंल म्हून म्हटलं आत्ताच उचलावं. लई कुरकुरतंय बगा, जळंल एकाद्या दिवशी.’’ असे म्हणत तो वाकला आणि त्याने टेबलाखालच्या बटणाकडे हात नेला.

ठकी खरोखरच कुरकुरत होती. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. ताईंनी सहज तिच्याकडे पाहिले. काहीही काम नसलेल्या यंत्राचा पंखा इतका जोरात का फिरावा? आणि लेखांना चव्वेचाळीस मिनिटे लागावीत इतके लांबचे दालन कोणते?

‘‘लोंढे, हात लावू नका!’’

ताई आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडल्या नव्हत्या. लोंढे दचकून मागे झाला आणि हातगाडीवर बसला. ताईंनी ठकीवर एक ओळ टंकली. उत्तरात सात नावे उमटली. प्रत्येक नावापुढे हृदयाचे ठोके, औषधाची मात्रा, आणि प्रत किती ताजी आहे याचा आकडा, जो दर सेकंदाला बदलत होता.

‘‘मी ‘सर्व’ लिहिलं,’’ ताई हळूच म्हणाल्या. ‘‘आणि स्वतःला वगळलं नाही.’’

कुणालाच कळेना. मग ताईंनीच उलगडून सांगितले. ठकीवर चाचणीसाठी यानावर आहे तोच राखणदार बसवलेला होता. चाचणीत तिला कुठेतरी ठेवायला हवे म्हणून यानाच्या संगणकांच्या यादीत तिचेही नाव घातले होते आणि पुढे दालन लिहिले होते, दहावे. यानाला नऊच दालने आहेत, पण ते स्थितिपत्राने विचारले नव्हते. त्याने विचारले होते, वेगळे दालन आहे का? आहे. रिकामी जागा आहे का? भरपूर. तिथली प्रत दोन तासांच्या आत ताजी राहील का? चव्वेचाळीस मिनिटांत पोचते, म्हणजे राहील.

‘‘पण पृथ्वीवर प्रत ठेवायचं आपल्याला सुचलंच कसं नाही?’’ हिरेमठ पुटपुटले.

‘‘कारण आपण हुकूम देणारे. हुकूम देणारा स्वतःला यादीत धरत नाही. मी तर त्याची पाटीच लावून ठेवलीये.’’

दोन वाजायच्या सुमाराला यानाचा पुढचा अहवाल आला. दोनशे बारा लेख, तीन ठिकाणी जिवंत. शेवटी एक ओळ होती, ‘करावे लागलेले बदल: शून्य.’ लोंढे अजून हातगाडीवरच बसून होता. तो म्हणाला, ‘‘शून्य? म्हंजी कायच झालं न्हाई?’’ ताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. ‘‘लोंढे, आमच्या धंद्यात याहून गोड उत्तर नाही. सगळं जसं असायला हवं तसं आहे, म्हणून करायला काही उरलं नाही.’’

पण वादळ अजून सरले नव्हते. चार वाजून दहा मिनिटांनी आलेल्या अहवालात आठवे आणि नववे दालन पूर्ण गप्प होते. सहा लेखांची यानावर एकेकच प्रत उरली होती. सातव्यापुढे लिहिले होते, ‘केतकी जगदाळे. यानावरील प्रती: शून्य. दहाव्या दालनाकडून मागवली आहे.’

आता तिला उठवू शकेल असे विश्वात एकच यंत्र होते आणि ते शाल्मलीताईंच्या कोपराशी कुरकुरत होते. ताईंना काही टंकायचे नव्हते, काही दाबायचे नव्हते. मागणी आली त्याच क्षणी ठकीने लेख परत धाडला होता. डॉ. मुजावरांनी ताईंचा हात घट्ट धरला आणि बोटांवर मोजले. ‘‘यायला चव्वेचाळीस, जायला चव्वेचाळीस. पोचेल तेव्हा लेख अठ्ठ्याऐंशी मिनिटं शिळा असेल. बत्तीस मिनिटं हातात राहतात, शाल्मली. बत्तीस!’’

लेख वेळेत पोचल्याचे पाच वाजून अडतीस मिनिटांनी कळले. वादळ ओसरू लागले होते, मूर्च्छित पडलेले संगणक भानावर येत होते, त्यांपैकी दोघांनी केतकीचा लेख जपून घेतला होता. तीन प्रती. दोनशे बारांच्या दोनशे बारा. कक्षात एकच जल्लोष उसळला. हिरेमठ सगळ्यांदेखत ताईंच्या पाया पडले आणि ताई रडल्या, अगदी मोकळेपणाने, पदर तोंडाला न लावता.

मग हिरेमठ स्टुलावर चढले आणि त्यांनी ती पाटी उतरवली. ‘‘हिचं काय करायचं?’’

‘‘राहू दे,’’ ताई डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘फक्त खाली एक ओळ वाढवा. बंद करताना स्वतःला वगळा, जपताना धरा.’’

लोंढेने घसा खाकरला. त्याच्या हातात तो अर्ज अजून तसाच होता. ‘‘मॅडम, मला सायबांला कायतरी दाखवावं लागंल. यंत्र न्हेलं न्हाई तर का न्हेलं न्हाई?’’

ताईंनी पेन मागितले. अर्जावर एक रकाना होता, ‘यंत्र सध्या कोठे आहे’. त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले, ‘अगस्त्य यान, दालन दहावे. प्रवास संपेपर्यंत हलवता येणार नाही.’ खाली सही केली.

लोंढेने ते दोनदा वाचले, मग मोकळी हातगाडी दाराकडे वळवली.

‘‘बरं तर,’’ तो म्हणाला, ‘‘यान पोचलं की कळवा. मग यीन न्यायला.’’