नऊ वर्षांचं पाणी

जलवयमापकाच्या पडद्यावर नऊ हा आकडा उमटला आणि गव्हाची शेती सांभाळणाऱ्या डॉ. खिलारे यांनी प्रयोगशाळेतच भाजलेल्या ओंब्या आणि गुळाचा पुडा सोडला.

"घ्या मॅडम, तोंड गोड करा. आपला गहू तरुण झाला."

भूजलतज्ज्ञ सुलभा घाटगे यांनी ओंबी घेतली, पण तोंडात टाकली नाही. दाणा किती वर्षं जुन्या पाण्यावर पोसला हे सांगणारं ते यंत्र त्यांनीच घडवलं होतं. किलोभर गव्हाला दीड हजार लिटर पाणी लागतं. ते कुठलं, हे खाणारा विसरतो, दाणा विसरत नाही. ते पाणी पाऊस होऊन कधी पडलं याची खूण तो जपून ठेवतो. मागच्या हंगामापर्यंत करंजखेडच्या कूपनलिका खोल खडकातलं अकरा हजार वर्षांपूर्वीचं पाणी उपसत होत्या.

"म्हणजे नवं पाणी मुरलं," खिलारे म्हणाले. "आणखी शंभर एकर पेरू."

"मुरायला पाऊस कुठे झालाय, सर? शेवटचा मोठा पाऊस नऊ वर्षांपूर्वीचा. तो सगळा आपण तलावात साठवला."

खिलारे यांचा हात पुड्यातच थांबला.

"खालचा खडक आपण गव्हासाठी रिकामा केला," सुलभाताई म्हणाल्या. "आता तलाव त्यात उतरतोय. तुमचा गहू आपलं पिण्याचं पाणी पितोय."

"पण तलावात अजून सात वर्षांचा साठा आहे. दाखल्यावर सही तुमचीच आहे."

सही त्यांचीच होती. बाष्पीभवन नको म्हणून तलाव तरंगत्या पत्र्यांनी पूर्ण झाकला होता. झाकलेलं पाणी जाणार कुठे, म्हणून पातळी कुणी मोजतच नव्हतं, कुंपणाआड कुणी फिरकतही नव्हतं. गावाचा वापर वजा करायचा आणि उरलेला आकडा लिहायचा. त्याच कागदावर विसंबून त्यांचा मुलगा पुण्यातलं घर विकून, बायको आणि महिन्याच्या बाळाला घेऊन इथे राहायला आला होता.

दोघं तलावावर गेले. सुलभाताईंनी पहिल्या पत्र्यावर पाय ठेवला. तो हलला नाही.

"काठाला गाळ असणारच," खिलारे मागून म्हणाले.

दहावा पत्रा हलला नाही. पन्नासावाही नाही. उतार उतरत पार मध्यावर, जिथे बारा मीटर पाणी असायला हवं होतं, तिथे सुलभाताईंनी सगळा जोर लावून पाय आपटला. पत्रा जमिनीसारखा स्थिर राहिला.

गावात नळ सुटायची वेळ झाली होती. सून बाळाच्या अंघोळीसाठी बादली लावून बसली असेल.